एमआरआयच्या दारातलं काम: बेळगाव भागातले अनुभव आणि तुमचे प्रश्न

राकसकोप (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पीयूसीचा (बारावीचा) निकाल लागला की ओळखीतले आईबाप विचारतात, "पोराला एमआरआयच्या लाईनला घालू काय? बसून काम असतंय म्हणे." फोनवर दोन मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. मी बेळगावातल्या एका हॉस्पिटलात एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट आहे. या कामावर माझा जीव आहे आणि त्याबद्दल नीट बोललं जावं असं मनापासून वाटतं.

मशीन चालवायच्या कन्सोलपुढे खुर्ची असते, काचेतून पेशंट दिसतो, पडद्यावर एकेक सिक्वेन्स (चित्रांचा एकेक संच) चालतो, हे खरंच. पण मशीनवर प्रोटोकॉल (त्या तपासणीचे ठरलेले सिक्वेन्स) लावायला वर्षभरात कुणीही शिकेल. पेशंटला आत घेण्याआधी दारात उभं राहून त्याला प्रश्न विचारणं, हे आमचं खरं काम.

ते इतकं महत्त्वाचं का, हे समजायला मशीन थोडं समजून घ्यावं लागेल. आमचा मॅग्नेट १.५ टेस्लाचा (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप). आत नायोबियम-टायटॅनियमच्या तारेची वेटोळी आहेत आणि ती द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसला बुडवलेली. एवढ्या थंडीत तारेला विजेचा रोधच राहत नाही, त्यामुळे एकदा सोडलेला प्रवाह फिरतच राहतो. लाईट गेली, स्कॅन संपला, आम्ही कुलूप लावून घरी गेलो, तरी चुंबक चालूच. रात्री कॉरिडॉरमध्ये कुणी नसतं तेव्हाही दाराशी थांबलं की हेलियम थंड ठेवणाऱ्या कोल्डहेडचं एका लयीत चिक्-चिक् ऐकू येतं. नवीन वॉर्डबॉयला मी पहिल्याच दिवशी तो आवाज ऐकवतो. "मशीन बंद आहे नव्हं?" हा प्रश्न त्याने पुन्हा कधी विचारू नये म्हणून.

२०१८ च्या जानेवारीत मुंबईच्या नायर रुग्णालयात पेशंटबरोबर ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेला एक तरुण नातेवाईक मशीनकडे ओढला गेला आणि त्यात त्याचा जीव गेला. ती बातमी आमच्या क्षेत्रातला कुणी विसरलेला नाही.

आता आपल्या भागाचं सांगतो. 'शरीरात धातू आहे का?' असं फॉर्मवर छापलेलं असतं आणि त्यापुढे जवळपास सगळे 'नाही' लिहितात. खोटं कुणी बोलत नाही. स्वतःच्या आयुष्यातल्या कुठल्या गोष्टीला धातू म्हणायचं, हे त्यांच्या ध्यानात येत नाही, इतकंच. म्हणून मी फॉर्म बाजूला ठेवून "काम काय करता?" असं विचारतो. मच्छेकडचे एक काका कंबरेच्या एमआरआयसाठी आले होते. "मणक्यात गॅप आलाय" म्हणाले. फॉर्म कोरा करकरीत. कामाचं विचारलं तर उद्यमबागेत ग्राइंडिंगवर उभं आयुष्य गेलेलं. "डोळ्यात कधी कण गेलेला काय?" "गेलेला की. ते काय, दर महिन्याला जातंय. डॉक्टरनं काढला." "सगळा निघाला म्हणून सांगितलं?" यावर काका गप्प. डोळ्यांचा एक्स-रे काढला, तर उजव्या खोबणीत मोहरीच्या चतकोराएवढा पांढराशुभ्र ठिपका. चुंबकात तो लोखंडाचा कण हलला असता तर दृष्टीच जाण्याची भीती. रेडिऑलॉजिस्टना (चित्रं वाचून रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांना) दाखवलं, त्यांनी एमआरआय रद्द करून सीटी सुचवला. काका जरा नाराज होऊनच गेले, कारण उपाशी येऊन सकाळपासून बसले होते. (कंबरेच्या साध्या एमआरआयला उपाशी यायची गरज नसते. पोटाच्या, एमआरसीपीच्या (पित्तनलिकांच्या) किंवा भूल द्यायची असेल अशा तपासणीला असते. अपॉइंटमेंट घेतानाच विचारून घ्या.)

लिहीन तेवढं थोडं आहे. तुमचे प्रश्न येऊ द्यात.

---

भट्टीवाला

राकसकोप, हे वाचून अंगावर काटा आला. माझी फाउंड्री आहे, फेटलिंग (ओतीव मालाच्या कडा साफ करणं) आणि ग्राइंडिंगला पोरं आहेत. चष्मा दिला तरी घामानं धुरकट होतो म्हणून कपाळावर चढवून ठेवतात. कण गेला की शेजारचाच कुणीतरी रुमालाच्या टोकानं काढतो, नाहीतर मॅग्नेट लावतो. डॉक्टरपर्यंत जाणारे थोडे. मला काय करता येईल ते सांगा.

---

राकसकोप

रुमाल आणि मॅग्नेट दोन्ही बंद करा, ही पहिली विनंती. कण गेला की डोळ्याच्या डॉक्टरांकडेच पाठवा आणि त्या दिवसाची चिठ्ठी फाईलला लावून ठेवा. पुढे दहा-पंधरा वर्षांनी त्या पोराला अर्धांगाचा झटका आला आणि तो बोलू शकत नसला, तर ती चिठ्ठीच त्याच्या वतीनं बोलेल. घरच्यांनाही सांगून ठेवायला सांगा. बेशुद्ध पेशंटच्या बायकोला मी विचारतो, तेव्हा 'ते लेथवर असायचे' एवढं कळलं तरी मी एक्स-रे मागू शकतो.

---

खानापूरचा_पोरगा

सर, मला पीयूसी सायन्सला ७१ टक्के आहेत. बाबा म्हणतात डी.फार्म कर, मेडिकल दुकान घालू. मला मशीनची आवड आहे. कोर्स कुठला करायचा? आणि माझं दहावीपर्यंत मराठी मीडियम, कन्नड कच्चं आहे. चालेल काय?

---

राकसकोप

दोन वाटा आहेत. पॅरामेडिकल बोर्डाचा इमेजिंगचा डिप्लोमा, किंवा मेडिकल इमेजिंग टेक्नॉलॉजीची बी.एस्सी. राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेल्या कॉलेजांत ही पदवी आहे, इंटर्नशिप धरून साधारण ४ वर्षं जातात. झेपत असेल तर पदवीच कर. २०२१ मध्ये केंद्रानं अलाईड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा केला, त्यात आपला पेशा नाव घेऊन आला आहे. पुढे नोंदणी आणि पात्रता या गोष्टींना महत्त्व येत जाणार.

कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस. त्यांच्या हॉस्पिटलात एमआरआय आहे काय, रोज किती पेशंट होतात, विद्यार्थ्याला पोझिशनिंग (पेशंटला टेबलावर नीट झोपवणं) करायला देतात की कोपऱ्यात उभं करतात, हे तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांना चहा पाजून विचार. मशीन न बघता पास झालेली मुलं मुलाखतीला येतात. गुडघ्याची कॉइल (गुडघ्याभोवती बसवायचा, संकेत पकडणारा भाग) हातात दिली तर वरखाली करत बसतात. दोष त्यांचा नाही, त्यांची चार वर्षं वाया घालवलेली असतात. मला याचा फार राग येतो.

पगार सुरुवातीला कमी असतो, हे बाबांना आधीच सांग. रात्रपाळी असते, आणि छोट्या सेंटरला रात्री तू एकटाच असतोस. सीटी आणि एमआरआय दोन्ही येणाऱ्याला मागणी चांगली, आणि तीन-चार वर्षांचा अनुभव झाला की पुणे, गोवा, बंगळूर, आखात अशी दारं उघडतात.

कन्नडचं म्हणशील तर ते आलंच पाहिजे, आणि येतं. आमच्याकडे गोकाक-अथणीकडची आज्जी फक्त कन्नड बोलते, जांबोटीची मावशी फक्त मराठी, कॅम्पातले चाचा उर्दू. पोटाच्या तपासणीत श्वास रोखायला सांगावं लागतं. मशीनमधली रेकॉर्ड केलेली सूचना इंग्रजीत असली तर आज्जीला त्यातलं काहीच कळत नाही, मग लिव्हरच्या चित्रात पट्टेच पट्टे. मी टेबलावर घेण्याआधी बाहेर खुर्चीत बसवूनच सराव करून घेतो: "उसिर तगोरी... बिडरी... हिडीरी." (श्वास घ्या... सोडा... धरून ठेवा.) पोटावर हात ठेवून बघतो, खरंच थांबलं काय. दोन-तीनदा जमलं की आत. नंतर इंटरकॉमवरून मी स्वतः बोलतो, रेकॉर्डिंग लावत नाही. वॉर्डात चार महिने काढलेस की एवढं कन्नड तुझं तुलाच येईल.

---

संकेश्वरची_लेक

माझ्या सासूबाईंच्या मानेच्या एमआरआयच्या वेळचं सांगते. आम्ही लिंगायत. इष्टलिंग चांदीच्या डबीत, गळ्यात. अंगावरून वेगळं करायचं नाही अशी त्यांची निष्ठा. एका सेंटरला त्यांना "काढा ते लवकर, मागं लाईन आहे" असं ओरडले. सासूबाई उठून सरळ घरी निघाल्या. दोन महिने तपासणी लांबली आणि हातातली ताकद कमी होत गेली. दुसऱ्या ठिकाणी मात्र तिथल्या पोरानं मला बाजूला घेऊन समजावलं, मग सासूबाईंशीच बोलला. त्यानं स्वतः हात लावला नाही. मला हातपाय धुऊन यायला सांगितलं, माझ्या ओंजळीत त्यांनी स्वतः दिलं आणि मी दाराबाहेर काचेसमोर उभी राहिले, त्यांना दिसेल अशी. पंचवीस मिनिटं हूं की चूं न करता झोपल्या. तो पोरगा कुठल्या जातीचा, कुठल्या भाषेचा, मला माहीत नाही. देव त्याचं भलं करो.

---

राकसकोप

ताई, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं झालं. नवीन मुलांना मी हेच सांगतो. इष्टलिंग असो, मंगळसूत्र असो, हाताला बांधलेला ताईत असो, की लेकराचा करदोटा असो, त्याला आपण हात लावायचा नाही. घरच्या माणसाला बोलवायचं, कारण सांगायचं, वेळ द्यायचा.

सोनं-चांदी चुंबकाला चिकटत नाही, मग काढायचं कशाला, असं लोक विचारतात आणि प्रश्न रास्त आहे. एक तर मंगळसूत्राच्या फाशात किंवा जुन्या चेनच्या कडीत स्टीलची स्प्रिंग असू शकते. दुसरं म्हणजे आत रेडिओलहरी सोडलेल्या असतात. धातूचं वेटोळं अंगाला लागून असलं तर ते तापून चटका बसू शकतो. आणि मानेच्या तपासणीत गळ्यातच धातू असला तर चित्राचा तेवढा भाग काळा पडतो. एवढं समजावलं तर शंभरातल्या एखाद्या बाईच नाही म्हणत असतील. काही जणी काळा दोरा बांधून घेतात, मी खुशाल बांधू देतो. जोडवी वर्षानुवर्षं बोटात रुतलेली असतात, साबण लावूनही निघत नाहीत. तपासणी डोक्याची किंवा मानेची असेल तर रेडिऑलॉजिस्टना विचारून बोटं कापसानं गुंडाळतो, दोन्ही पायांमध्ये पॅड ठेवतो आणि गरम लागलं तर आम्हाला बोलवायचा हातातला रबरी बल्ब लगेच दाबायला सांगतो.

---

माजी_मराठा

मी मराठा लाईट इन्फंट्रीतून रिटायर होऊन इथंच बेळगावात स्थायिक झालो. माझ्या मांडीत स्प्लिंटर (स्फोटातला धातूचा तुकडा) आहे. खांद्यासाठी एमआरआय सांगितला तेव्हा 'ऑपरेशन झालंय काय?' एवढंच विचारलं. ऑपरेशन झालेलंच नव्हतं, म्हणून मी नाही म्हणालो. टेबलावर झोपवताना त्या मुलाला मांडीवरचा व्रण दिसला आणि त्यानं थांबवलं. आमच्यासारखे या जिल्ह्यात घरटी सापडतील. प्रश्न विचारताना 'फौजेत होता काय' हे जरूर विचारत चला.

---

राकसकोप

साहेब, नमस्कार. त्या मुलाचे डोळे चांगले होते. आम्ही 'छर्रा, गोळी, स्प्लिंटर कधी लागलंय काय?' असंच विचारतो. डुकराच्या शिकारीत छर्रा लागलेले लोक जंगलपट्ट्यातून येतात, तेही त्यातच कळतं. प्रत्येक स्प्लिंटरला एमआरआय नाकारतात असं नाही. कुठे आहे, शिरेजवळ आहे काय, मज्जारज्जूजवळ आहे काय, हे एक्स-रेवर बघून डॉक्टर ठरवतात.

---

रात्रपाळीची_सिस्टर

सगळं छान वाचलं, पण दुसरी बाजू मांडते. मी आयसीयूत आहे. व्हेंटिलेटरवरचा पेशंट घेऊन दोन मजले उतरून आम्ही एमआरआयच्या दारात येतो आणि तिथं टेक्निशियन अडवतो. हे काढा, ते बदला, औषधाचा पंप आत नको, सिलिंडर आत नको. पेशंटचं बीपी पडत असतं. वर डॉक्टर फोनवर ओरडतात, "अजून झालं नाही काय?" अर्ध्या वेळा आम्हीच दोषी असल्यासारखं बोललं जातं. रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट असतात याचा तुम्ही कधी विचार करता काय?

---

राकसकोप

सिस्टर, बोलण्याचा सूर चुकतो हे मान्य. दारात अडवणं मात्र सोडता येणार नाही. तुमच्या खिशात कात्री असते, आर्टरी फोर्सेप (चिमटा) असते, छातीवर पिनचा बिल्ला असतो. लोखंडी सिलिंडर तर दाराच्या पट्टीपलीकडे मी माझ्या सख्ख्या भावालाही नेऊ देणार नाही. आतल्यासाठी ॲल्युमिनियमचा सिलिंडर आणि बिनचुंबकी ट्रॉली वेगळी असते.

पण यातलं बरंचसं आयसीयूतच होऊ शकतं, हे तुमच्या तक्रारीतून दिसतंय. आमच्याकडे आता पेशंट निघायच्या आधी फोनवर यादी वाचली जाते: ईसीजीचे पॅच बदलले काय, तापमान मोजणारा कॅथेटर (नळी) आहे काय, पंपाच्या नळ्या लांब जोडल्या काय, अंगावर फॉइलचा औषधी पॅच चिकटवलाय काय. दारात जाणारा वेळ त्यामुळे बराच वाचतो.

अजून एक. आत पेशंटचं हृदय थांबलं तर सीपीआर द्यायला सगळी टीम आत धावते, हे अगदी स्वाभाविक आहे आणि तेच सगळ्यात धोक्याचं आहे. छाती दाबणं सुरू ठेवून आधी पेशंटला बाहेर ओढायचं, दार लावायचं, मग डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं मशीन), सिलिंडर, सगळं. हा सराव तुमच्या-आमच्या स्टाफनं एकत्र करायला हवा. तुमच्याकडे होतो काय?

---

रात्रपाळीची_सिस्टर

एकदा झाला होता, दिवसपाळीच्या स्टाफचा. रात्रीचा नाही. यादीची कल्पना आमच्या इन्चार्जना दाखवते. माणसं कमी आहेत हा माझा मुद्दा मात्र तसाच आहे.

---

राकसकोप

आहेच, आणि तो रास्त आहे.

---

टिळकवाडी_मास्तर

विज्ञानाचा शिक्षक म्हणून थोडी भर. लोक 'रेडिएशन घेतलं' म्हणून घाबरतात. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. आपल्या शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजनचे अणू आहेत. त्यांची केंद्रकं चुंबकीय क्षेत्रात ठरावीक वारंवारतेला प्रतिसाद देतात, १.५ टेस्लाला ती सुमारे ६४ मेगाहर्ट्झ. त्या वारंवारतेच्या रेडिओलहरी सोडायच्या आणि परत येणारा संकेत पकडायचा. यातून चित्र उभं करण्याच्या शोधासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. एक शंका: तो भयंकर ठोकल्यासारखा आवाज कशाचा?

---

राकसकोप

ग्रेडियंट कॉइलचा, म्हणजे चुंबकाचं क्षेत्र जागोजागी किंचित बदलणाऱ्या वेटोळ्यांचा, सर. त्यांच्यातला प्रवाह सेकंदात अनेकदा चालू-बंद होतो आणि चुंबकाच्या क्षेत्रात त्या कॉइल थरथरतात. आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ शकतो, म्हणून इअरप्लग किंवा हेडफोन सक्तीचा. शहापूर-वडगावचे विणकर तेवढे न दचकता झोपतात. एक आजोबा बाहेर येऊन म्हणाले, "माग चालूलालाय असं वाटूलालं, झोप लागली."

---

अनगोळकर

बंद जागेची भीती असणाऱ्यांनी काय करावं? मी दोनदा अर्ध्यातून बाहेर आलोय. आणि एक विचारू? तुम्हाला पडद्यावर लगेच दिसतं ना? माझ्या वडिलांच्या वेळी टेक्निशियनला विचारलं तर "डॉक्टर सांगतील" एवढंच म्हणाला. चेहऱ्यावरून वाटलं की याला सगळं माहीत आहे. तेव्हा फार चीड आली होती.

---

राकसकोप

भीतीचं आधी. आत जाण्यापूर्वीच डोळ्यांवर रुमाल बांधून घ्या. आत गेल्यावर बांधून उपयोग नसतो, कारण छत एकदा दिसलेलं असतं. हातातला रबरी बल्ब आधी एकदा दाबून बघायला मागा, कुणीतरी खरंच येतंय याची खात्री होते. गुडघ्याच्या तपासणीला पाय पुढे करून आत जाता येतं, डोकं बाहेरच राहतं. एवढ्यानं नाही जमलं तर डॉक्टर सौम्य गुंगीचं औषध देतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता तुमच्या वडिलांचं. तुमची चीड मी समजू शकतो, पण त्या मुलाची बाजू मांडतो. हो, आम्हाला दिसतं. रोज मेंदू बघणाऱ्याला गाठ दिसते, डिफ्यूजन नावाच्या सिक्वेन्समध्ये चमकणारा ताजा इन्फार्क्ट (रक्त न पोचल्यानं मेलेला भाग) तर दारातूनही दिसतो. पण दिसणं आणि निदान करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मला जी गाठ वाटते ती जंतुसंसर्गाची पू धरलेली जागा असू शकते. ती क्षयाची गाठ असू शकते, आणि आपल्याकडे तशा गाठी कमी नसतात. मी तोंडातून 'कॅन्सर' शब्द काढला आणि चार तासांनी रिपोर्ट वेगळा आला, तर त्या घरानं ते चार तास कसे काढले असतील? म्हणून सांगायचा अधिकार रेडिऑलॉजिस्टचा.

त्या वेळी आम्ही काही करत नाही असं मात्र समजू नका. गंभीर दिसलं की पेशंट टेबलावर असतानाच डॉक्टरांना फोन जातो. कॉन्ट्रास्ट (चित्र उठावदार करणारं इंजेक्शन) द्यायचं काय, आणखी सिक्वेन्स घ्यायचे काय, विचारतो. झटक्याचा पेशंट असेल तर एकेक मिनिट मोलाचं असतं, रिपोर्ट टाईप होण्याची वाट कुणी बघत नाही. बाहेर आलो की नातेवाईक चेहरा वाचायला बघतात. मी त्यांच्या नजरेला नजर देतो आणि म्हणतो, "डॉक्टर आत्ताच बघूलालेत, इथंच थांबा, गावाकडं जाऊ नका." खोटं बोलत नाही आणि आशा-निराशाही देत नाही. नोकरीतला हा भाग मला सगळ्यात जड जातो. खानापूरच्या पोरा, हे वाचून मग ठरव.

---

निपाणकर

आईचा मेंदूचा एमआरआय पुढच्या आठवड्यात आहे. वय ६८. हृदयात स्टेंट आहे, गुडघा बदललाय, आणि लहानपणी हात मोडला होता तेव्हाची प्लेट आहे. क्रिएटिनीन (किडनीच्या रक्ततपासणीतला आकडा) थोडं जास्त आहे. जमेल काय?

---

राकसकोप

आजकालचे बहुतेक स्टेंट आणि बदललेले गुडघे एमआरआयला चालतात. तरी स्टेंटचं कार्ड आणि दोन्ही ऑपरेशनची डिस्चार्ज समरी सोबत आणा. हाताच्या प्लेटचा कागद नसेल तर जुना एक्स-रे आणा, तोही नसेल तर तिथं एक नवीन काढतील. क्रिएटिनीनचं अपॉइंटमेंटच्या वेळीच सांगा. साध्या एमआरआयला त्यानं फरक पडत नाही. कॉन्ट्रास्ट म्हणजे गॅडोलिनियमचं इंजेक्शन द्यायचं असेल तर किडनीची क्षमता बघून डॉक्टर ठरवतात. पेसमेकर आहे काय हे तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर हृदयाच्या डॉक्टरांची लेखी परवानगी आणि पेसमेकरचं कार्ड घेतल्याशिवाय निपाणीहून निघूच नका. काही नवीन पेसमेकर चालतात, पण तपासणीआधी त्यांचं सेटिंग बदलावं लागतं.

---

निपाणकर

पेसमेकर नाही. स्टेंटचं कार्ड कपाटात सापडलं, गुडघ्याची समरी मिरजेच्या हॉस्पिटलातून मागवतोय. कानात बारीक मशीन घालते, ते?

---

राकसकोप

ऐकायचं मशीन दारात काढून तुमच्याकडे ठेवा. पण ते काढायच्या आधी टेक्नॉलॉजिस्टला आईशी सगळं बोलून घ्यायला सांगा. आत गेल्यावर त्यांना इंटरकॉम ऐकू येणार नाही, तेव्हा हाताच्या खुणा आधीच ठरवून घ्या. कानात ऑपरेशन करून बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी, त्यात चुंबक असतो. आजच फोन करून सेंटरला कळवा.